काच शेव्हेलची, दिवा मात्र ब्युइकचाच

माझ्या 1971 च्या ब्युइक स्कायलार्कची समोरची काच ट्रकमागून उडालेल्या खड्याने तडकली, तेव्हा काचवाल्याने फोनवर एवढंच विचारलं, "दोन दारांची हार्डटॉप ना?" हो म्हटल्यावर म्हणाला, "मग उद्या शेव्हेलची काच घेऊन येतो." शेव्हेल म्हणजे शेव्हरलेची गाडी. माझी ब्युइक. पण काच जागेवर अशी बसली की कारखान्यातूनच तशी आली असावी. बसवण्यासकट 400 डॉलर पुरले. त्याच उन्हाळ्यात पार्किंगमध्ये कुणीतरी मागून ठोकलं आणि बंपरमध्ये बसणाऱ्या डाव्या दिव्याचं लाल प्लास्टिक फुटलं. तळहाताएवढा तुकडा, पण तो सापडायला सात महिने लागले आणि मिळाला तेव्हा मी 240 डॉलर मुकाट्याने मोजले.

जुनी अमेरिकन मसल कार घ्यायची ठरवून बसलेल्या आपल्या मंडळींना मी आधी हीच दोन बिलं दाखवतो. डेट्रॉइटच्या आसपास, आणि शिकागो, न्यू जर्सी, टोरांटोकडेही, गाड्यांच्या धंद्यात किंवा इंजिनिअरिंगमध्ये आयुष्य घालवलेले पुष्कळ मराठी लोक आहेत. पन्नाशी आली, मुलं शिकून बाहेर पडली, गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली, की ही इच्छा वर येते. मग प्रश्न येतो तो शेव्हेल, जीटीओ, 442 की ग्रॅन स्पोर्ट? चारही गाड्या जनरल मोटर्सच्या, एकाच सांगाड्याच्या. कंपनीत या सांगाड्याला ए-बॉडी म्हणत. आज त्यांच्या किमतीत मात्र बराच फरक पडतो, आणि घ्यायला स्वस्त असलेली गाडी पाळायला स्वस्त असेलच असं नाही.

ही भावंडं जन्मली कशी, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण आजचा खर्च तिथूनच ठरतो. त्या काळात जनरल मोटर्समध्ये शेव्हरले, पॉन्टिअॅक, ऑल्डस्मोबिल, ब्युइक यांची घरं खऱ्या अर्थाने वेगळी होती. प्रत्येकाचे इंजिनिअर वेगळे, इंजिन वेगळं, अभिमान वेगळा. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा (म्हणजे 5.4 लिटरपेक्षा) मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पॉन्टिअॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी 1964 मध्ये 389 घनइंचांचं इंजिन नव्या गाडीत नाही, तर टेम्पेस्ट ल माँच्या 'ऑप्शन'मध्ये घातलं. नियम गाडीसाठी होता, ऑप्शनसाठी नव्हता! या ऑप्शनची किंमत होती सुमारे 295 डॉलर आणि नाव जीटीओ. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. मग भावंडं गप्प कशी बसतील? त्याच हंगामात ऑल्डस्मोबिलने 442 काढली, पुढच्या वर्षी ब्युइकने ग्रॅन स्पोर्ट, म्हणजेच जीएस. शेव्हरलेने 396 घनइंचांची शेव्हेल आधी 1965 मध्ये फक्त 201 गाड्यांपुरती आणि 1966 पासून सर्रास विकली. तोवर कमाल मर्यादा 400 घनइंचांवर गेली होती. 1970 साली तीही उठली आणि चौघांनी एकदमच सात-साडेसात लिटरची इंजिनं बसवली. आपल्या मारुती 800 ची नऊ इंजिनं एका बॉनेटखाली, असं समजा.

त्या 1970 सालच्या कोऱ्या गाड्यांचे भाव पाहा. जीटीओ हार्डटॉप सुमारे 3,267 डॉलर, ब्युइक जीएस 455 सुमारे 3,283, ऑल्डस्मोबिल 442 सुमारे 3,376. शेव्हेल मालिबू घेऊन तिच्यावर एसएस (सुपर स्पोर्ट) 454 चं पॅकेज चढवलं, की तीही जवळपास 3,312 ला जायची. चौघींत जेमतेम शंभर डॉलरचं अंतर. ताकदही तशीच अंगाला अंग लावून होती. कागदावर ब्युइकचा टॉर्क सगळ्यांत जास्त, 510 पौंड-फूट. बाकी तिघी 500 वर. डॉक्टर-वकिलांची शांत गाडी म्हणून ओळखली जाणारी ब्युइक सिग्नल हिरवा झाल्यावर शेव्हेलला मागे टाकायची, हे लोकांना तेव्हाही पटत नसे, आजही पटत नाही. आणि न पटण्याचाच फायदा घेणाऱ्याला होतो.

आजचे भाव सांगतो. रोज चालवता येईल, रंग ठीक, पत्रा सडलेला नाही, पण प्रदर्शनात बक्षीस मिळवणार नाही, अशी 1968 ते 72 ची गाडी धरली आहे. हे आकडे मी गेल्या काही वर्षांत मिशिगन-ओहायोत पाहिलेल्या व्यवहारांवरचा माझा अंदाज आहेत, तुमच्या गावात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच. एसएस 396 शेव्हेल 50 ते 75 हजार डॉलर. जीटीओ 40 ते 60 हजार. 442 साधारण तेवढीच, कन्व्हर्टिबल असेल तर वर. ब्युइक जीएस 35 ते 55 हजार, 'स्टेज 1' इंजिनची असेल तर त्यापुढे बरंच. प्रत्येक घरातली थोरली पाती, म्हणजे शेव्हेलचं 450 अश्वशक्तीचं एलएस 6 इंजिन, जीटीओ जज, 442 डब्ल्यू-30 आणि 1970 मध्ये फक्त 678 बनलेली ब्युइक जीएसएक्स, हा लाखाच्या आसपासचा आणि त्यापुढचा खेळ आहे. तो या लेखाचा विषय नाही. आणि चौघींची साधी रूपं, म्हणजे मालिबू, ल माँ, कटलस एस, स्कायलार्क, साध्या 350 इंजिनसह 18 ते 35 हजारांत मिळतात. पहिलीच जुनी गाडी घेत असाल तर इथूनच सुरुवात करा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आता काचेच्या बिलाकडे परत. 1968 ते 72 या पाच वर्षांत दोन दारांच्या चारही गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर 112 इंच. समोरची काच एकच. चासी मुळात एकाच घडणीची. पुढची सस्पेन्शनची बुशिंग, बॉल जॉइंट, मागचे चारही आर्म, ब्रेकचे बरेचसे भाग, दारांची आतली यंत्रणा हे सगळं बहुतेक एकमेकांत चालतं. शेव्हेल लाखांनी विकली गेली, म्हणून तिचे भाग आजही नव्याने बनतात, आणि त्याचा लाभ बाकी तिघींना आयता मिळतो. सस्पेन्शनचे सगळे रबर आणि जॉइंट बदलायचे तर सामानाला 300 ते 700 डॉलर, पुढे डिस्क ब्रेक बसवायचे तर 600 ते 1,200. गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षात ही दोन कामं कराच. पन्नास वर्षांची रबरं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन आजच्या हायवेवर उतरणं हा शौक नाही, धोका आहे.

डोळ्याला दिसतं ते मात्र सगळं वेगळं. मडगार्ड, बॉनेट, जाळी, बंपर, मागचे दिवे, डॅशबोर्ड, क्रोमच्या पट्ट्या. शेव्हेलचा नवा बनवलेला बंपर 250 ते 400 डॉलरला घरपोच येतो. ब्युइकचा किंवा ऑल्डस्मोबिलचा बंपर बहुधा जुनाच शोधायचा, सरळ करायचा आणि पुन्हा क्रोम चढवायला द्यायचा. एका बंपरचे 700 ते 1,500, आणि क्रोमवाल्याकडे तीन-चार महिन्यांची रांग. म्हणून माझा नियम साधा आहे. शेव्हेल बघायला गेलात तर सडलेल्या पत्र्याने फार घाबरू नका, नवा पत्रा मिळतो. ब्युइक किंवा ऑल्डस्मोबिल बघायला गेलात तर आधी पट्ट्या, जाळी, दिवे मोजा. एखादी पट्टी नसेल तर मालकाला ती कुठे आहे विचारा. "डिकीत आहे" म्हणाला तर डिकी उघडून बघा.

इंजिनांचा घोळ यापेक्षा मोठा आहे, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. '350 इंजिन' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण कुणाचं 350? शेव्हरलेचं 350 वेगळं, पॉन्टिअॅकचं वेगळं, ऑल्डस्मोबिलचं वेगळं, ब्युइकचं वेगळं. शेव्हरलेच्या सिलिंडरचा व्यास 4 इंच आणि पिस्टनची धाव 3.48, ब्युइकचा व्यास 3.80 आणि धाव 3.85. हिशेब करून दोन्ही 350 च्या आसपास येतात, पण एकाचं गास्केट दुसऱ्याला लागत नाही. 455 चीही तीच गत. पॉन्टिअॅक, ऑल्डस्मोबिल, ब्युइक या तिघांनी 455 काढलं आणि तिघांनी आपापलं. ओळखायचं कसं? बॉनेट उघडा आणि डिस्ट्रिब्युटर शोधा. पुढच्या बाजूला असेल तर ब्युइक. बाकी तिघांचा मागे, भिंतीला चिकटून असतो. त्या काळात शेव्हरलेच्या इंजिनाचा रंग नारिंगी, पॉन्टिअॅकचा निळा, आणि 1970 च्या सुमाराच्या ब्युइकचा लाल. रंग काय, कुणीही मारतो. पण डिस्ट्रिब्युटर हलवता येत नाही. गिअरबॉक्स जोडायच्या बोल्टांची मांडणीही शेव्हरलेची वेगळी, उरलेल्या तिघांची एक.

या वेगळेपणाची अमेरिकन गिऱ्हाइकाला किती किंमत होती, हे 1977 मध्ये दिसलं. ऑल्डस्मोबिलच्या काही गाड्यांत कंपनीने न सांगता शेव्हरलेचं 350 इंजिन घातलं आणि लोक कोर्टात गेले. आज तुमच्यासमोर हा प्रश्न उलटा येतो. आधीच्या मालकाने खर्च वाचवायला जीटीओत शेव्हरलेचं इंजिन बसवलेलं असतं. गाडी छान पळते, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चालवायला काहीच वाईट नाही. पण जीटीओ म्हणून पैसे मोजू नका, तिची किंमत निम्म्याकडे झुकते.

इंजिन पूर्ण खोलून बांधायचं तर शेव्हरले 350 ला 4 ते 6 हजार डॉलर धरा. त्या पैशांत नवं तयार इंजिनही मिळतं. 455 कोणतंही असो, 8 ते 12 हजार, आणि त्याची सवय असलेला मेकॅनिक शोधायचा वेळ वेगळा. दोन दुखणी आधीच तपासून घ्या. पहिलं, कारखान्याने टायमिंगच्या वरच्या गिअरला नायलॉनचे दात बसवले होते, म्हणजे आवाज कमी व्हावा. इतक्या वर्षांनी ते दात भुसभुशीत होऊन तुटतात, ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबवतात. माझ्या स्कायलार्कचं ऑइल पॅन काढलं तेव्हा तळाशी जळक्या शेंगदाण्याच्या सालांसारखे पिवळट-तपकिरी तुकडे मिळाले. अजून महिनाभर चालवली असती तर क्रँकच गेला असता. गिअर आणि चेन मिळून शंभर-दीडशे डॉलरचा माल. गाडी घेतली की बाकी काही करायच्या आधी हे करा. दुसरं दुखणं खास ब्युइकचं. तिचा ऑइल पंप पुढच्या अॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरच्या पोटातच असतो. गिअरने ते पोट खरवडलं की तेलाचा दाब उतरतो. इंजिन चांगलं गरम झाल्यावर, सिग्नलला उभं असताना दाब दाखवणारा काटा पाहा. तो तळाला टेकत असेल तर किमतीतून हजार डॉलर तरी कमी करून मागा.

पॉन्टिअॅकचं तोंड हा एक वेगळाच खर्च आहे. 1968 च्या जीटीओला पुढे क्रोमचा बंपर नाही. गाडीच्या रंगाचं, लवचिक एन्ड्युरा नावाचं एकसंध नाक आहे. तेव्हा लोक त्याच्यावर हातोडा मारून दाखवत, आणि ते पूर्ववत होई. आज मात्र त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात, विशेषतः कोपऱ्यांत. रंगाऱ्याने लवचिक होण्याचं द्रव्य न घालता साधा रंग मारला तर पहिल्याच हिवाळ्यात पापुद्रे निघतात. उन्हात उभं राहून, गाडीच्या नाकावरून बोट फिरवून बघा. नीट दुरुस्त करून रंगवायला हजार-दीड हजार जातात. 1968-69 च्या काही गाड्यांचे हेडलाइट झाकणामागे लपलेले असतात आणि झाकणं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतात. एक झाकण अर्धवट उघडत असेल तर नळी फुटली आहे. काम सोपं, पण शोधायला वेळ खातं.

पूर्ण रंगकाम चांगल्या माणसाकडून 12 ते 25 हजार डॉलर. यात गंज कापून नवा पत्रा जोडणं धरलेलं नाही. मागच्या चाकावरच्या पत्र्याला कापडात गुंडाळलेला लोहचुंबक लावत जा. जिथे तो घसरून पडेल तिथे खाली पुट्टी भरलेली आहे. मिशिगन, ओहायो, ओंटारिओतल्या गाड्यांना रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेलं असतं. अॅरिझोनातली गाडी दोन हजार डॉलर वाहतूक देऊन आणली तरी पुष्कळदा स्वस्त पडते. तिचे सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने फाटलेले असतील, पण कव्हर 500 ला आणि गालिचा 200 ला मिळतो. चासी 500 ला मिळत नाही.

कागदपत्रं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तपासायला जवळपास फुकट. 1968 पासून चासी नंबर काचेतून डॅशबोर्डवर दिसतो. जीटीओ 1966 ते 71 पर्यंत स्वतंत्र मॉडेल होती, नंबर 242 ने सुरू होतो. 1968 ते 71 ची खरी 442 असेल तर 344. 1970 ची जीएस 455 असेल तर 446. शेव्हेल एसएस 1966 ते 68 पर्यंत 138 ने सुरू होते. पण 1969 पासून एसएस हे ऑप्शन झालं, आणि नंबर बहुधा साध्या मालिबूचाच, 136. म्हणजे 1969 ते 71 च्या एसएस शेव्हेलचा खरेपणा नंबरावरून सांगताच येत नाही. बाजारात सर्वांत जास्त बनावट एसएस याच वर्षांच्या आहेत, यात नवल नाही. 1972 मध्ये नंबरात इंजिनाचं अक्षर आलं. शेव्हेलच्या नंबरात पाचव्या जागी डब्ल्यू असेल तर गाडी कारखान्यातून 454 घेऊनच निघाली.

1964-65 च्या जीटीओचा नंबरही ल माँचाच. पण पॉन्टिअॅकच्या घेणाऱ्याचं नशीब चांगलं: कारखान्याच्या नोंदी जपलेल्या आहेत, आणि पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे नंबर पाठवला की गाडी कोणत्या सामानासह निघाली त्याचा कागद मिळतो. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची माहिती जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या दप्तरातून मागवता येते. टोरांटोकरांनी याचा उपयोग करून घ्यावा. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलला असा आधार नाही. तिथे बिल्ड शीट हवी, कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा तो चुरगळलेला कागद. तो पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडतो. कागद नसेल तर गाडी एसएससारखी दिसणारी मालिबू आहे असं धरून भाव बोला. विकणारा रागावेल, रागावू द्या. मी स्वतः एकदा कागद न बघता एका विक्रेत्याला बयाणा दिला होता. गाडी बनावट निघाली आणि बयाण्याचे दोन हजार डॉलर परत मिळवायला वकिलाचं पत्र लागलं. स्वतः समजत नसेल तर 300 ते 600 डॉलर घेऊन गाडी तपासून देणारे लोक आहेत. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा आणि शिकून घ्या.

वर्षाचा खर्च त्यामानाने अगदी सोसण्यासारखा. जुन्या गाड्यांचा विमा ठरलेल्या किमतीवर मिळतो, 300 ते 700 डॉलरमध्ये, मात्र रोज कामावर नेणार नाही ही अट असते. पेट्रोल लिटरला चार-पाच किलोमीटर, तेही वरच्या ऑक्टेनचं, कारण 1970 पर्यंतची मोठी इंजिनं फार कॉम्प्रेशनची आहेत. 1971 पासून कंपनीने कॉम्प्रेशन उतरवलं. ताकद थोडी कमी झाली खरी, पण साधं पेट्रोल चालतं, आणि भावही उतरलेले असतात. चालवण्यासाठी घेणाऱ्याने 1971-72 चीच गाडी बघावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि घाई करू नका. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला या. डेट्रॉइटपासून पॉन्टिअॅक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर चारही भावंडं शेकड्यांनी उभी असतात. खुर्ची टाकून बसलेल्या मालकाला विचारा, तुमच्या गाडीचा कोणता भाग मिळायला सर्वांत जास्त वेळ लागला. कुणी नाही म्हणत नाही. अर्धा तास जातो आणि पुढचे दोन हजार डॉलर वाचतात.

मग ज्या दिवशी खरोखर घ्यायला जाल, त्या दिवशी लोहचुंबक, टॉर्च, आणि जमिनीवर आडवं पडता येईल असे कपडे न्या. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, कारण थंड इंजिनच खरं बोलतं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं, तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.